नारळ मोजणाऱ्या जुन्या कोबोलवाल्याकडून

'मधले थर काढा, जुना कोबोल प्रोग्राम थेट वेब सर्व्हिस म्हणून द्या', म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामना तो नेटवर्कवरून थेट हाक मारू द्या, हा लेखातला सल्ला पटला. मुंबईत बँकेच्या मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या मध्यवर्ती संगणकावर, कोबोल या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत हयात घालवून आता गुहागरला नारळ मोजतोय. आमच्याकडे साधी खात्यातली शिल्लक बघायला मध्ये चार सर्व्हर, निव्वळ द्राविडी प्राणायाम! एक अडला की दोष कोणाचा, यातच रात्र जायची. मेनफ्रेमवर व्यवहार चालवणाऱ्या आयबीएमच्या सीआयसीएसमध्ये तर २००५ च्या ३.१ आवृत्तीपासून सोपची (वेब सर्व्हिसच्या निरोपांच्या एका ठरावीक पद्धतीची) सोय आतच आहे. कॉपीबुकवरून (कोबोलमधल्या डेटाच्या मांडणीवरून) डब्ल्यूएसडीएल, म्हणजे त्या सर्व्हिसचं वर्णन, तयार होतं. फक्त प्रोग्रामला डेटा देण्याघेण्याच्या जागेला, कॉमएरियाला, ३२ केबीची मर्यादा. त्यापुढे चॅनेल-कंटेनर ही मोठा डेटा नेणारी दुसरी पद्धत, आणि तिथे मात्र कोडला हात लावावाच लागतो. शिवाय कॉम्प-३ मधली (कोबोलच्या अचूक दशांश प्रकारातली) रक्कम जेसन या वेबवरच्या डेटाच्या मांडणीत नेताना फ्लोट, म्हणजे अंदाजे साठवला जाणारा अपूर्णांक, करू नका. पावसात आमची कौलं गळतात, तसे पैसे गळतात.