पंचावन्न वर्षांचे साहेब काय लगोरी खेळतात?

नमस्कार. छंदांच्या जपानी शब्दांची माझी यादी वाचून तुम्ही लिहिलंत : 'असोबु म्हणजे खेळणे असं दिलंय. आमचे जपानी साहेब पंचावन्न वर्षांचे आहेत आणि दर सोमवारी सांगतात, काल मित्रांबरोबर असोबिमाशिता. ते काय लगोरी खेळतात? यादी शब्दकोशातून उचललेली दिसते. आणि छंद म्हणून फिरणं, वाचन कसलं देता? इकेबाना (फुलांची रचना), चहाविधी कुठे गेले?'

पहिला फटका बरोबर बसला. साहेब मित्रांबरोबर जेवले असतील, भटकले असतील, नुसते गप्पा मारत बसले असतील. ते सगळं असोबु. 'उचि नि असोबि नि किते कुदासाइ' म्हणजे 'या एकदा घरी'. गाडीचं स्टिअरिंग चाकं वळायच्या आधी जरासं सैल फिरतं ना, त्या सैलपणालाही असोबिच म्हणतात.

माझ्या त्या एका शब्दाच्या अर्थाने याहून मोठं नुकसान उलट्या बाजूने होतं, ते तुम्ही लिहिलं नाहीत. आपण टेनिस 'खेळतो', म्हणून आपली मुलं बिनधास्त 'तेनिसु ओ असोबिमासु' म्हणतात. चूक. तिथे साधं 'शिमासु', म्हणजे 'करतो'. गो हा पटावरचा खेळ मात्र 'उत्सु', ठोकायचा, कारण सोंगटी पटावर टपकन ठेवतात. शोगी, म्हणजे त्यांचं बुद्धिबळ, 'सासु'. पण शोगीत प्रतिस्पर्ध्याची मारलेली सोंगटी आपली म्हणून पुन्हा पटावर उतरवता येते, आणि ती चाल परत 'उत्सु'! वाद्यांचंही तेच. आपण पेटी, बासरी, ढोल सगळं एकाच क्रियापदावर 'वाजवून' मोकळे होतो. जपानीत पियानो आणि गिटार 'हिकु', बासरी 'फुकु', ढोल 'ताताकु'. नामं काय, आठवड्यात पाठ होतात. यादी क्रियापदांसकट द्यायला हवी होती.

दुसरा मुद्दा मात्र मला पटत नाही. 'शुमि वा नान देसु का', म्हणजे 'छंद (शुमि) काय?', या प्रश्नाला 'दोकुश्यो' (वाचन) किंवा 'सान्पो' (फेरफटका) हे अगदी रोजचं उत्तर आहे. इकेबाना, चहाविधी शुमि नाहीत असं नाही. पण गुरूकडे जाऊन वर्षानुवर्षं शिकायच्या या गोष्टी बहुतेकदा 'नाराइगोतो' किंवा 'ओकेइको' म्हणून बोलण्यात येतात, आपल्याकडे 'गाण्याच्या क्लासला जाते' म्हणतात तशा. त्यांच्यासाठी वेगळा लेख लिहीन.

असोबुची ओळ आजच बदलली. गिटारपुढेही 'शिमासु' पडलं होतं, तिथे 'हिकिमासु' केलंय. ते तुमच्या नजरेतून कसं सुटलं, याचं नवल वाटलं.