बूस्टर पावसाने पडत नाही

चवथ जवळ आली की गोव्यातल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या फोनवर एक मजकूर फिरू लागतो. त्याचं म्हणणं असं: पावसाळ्यात आपल्याकडे वीज वर-खाली होते, हवा दमट असते, म्हणून डीसीसीवरची (रुळांतूनच वीज आणि प्रत्येक इंजिनाला वेगळे आदेश देणारी डिजिटल पद्धत) गाडी अडते आणि बूस्टर (रुळांना वीज पुरवणारं यंत्र) सारखा ट्रिप होतो, म्हणजे स्वतःहून वीज तोडून पडतो. पुढे उपाय दिलेत. स्टॅबिलायझर बसवा, दहा अँपिअरचा अडॅप्टर घ्या, रूळ घासून काढा, बूस्टरची ट्रिप होण्याची मर्यादा वाढवा आणि एक रूळ घराच्या अर्थिंगला जोडा. हा मजकूर नव्याने छंदात आलेली मुलं खरा मानतात. यातले पहिले दोन सल्ले बहुतेक वेळा पैसे वाया घालवतात, तिसरा अर्धवट आहे आणि शेवटचे दोन धोक्याचे आहेत. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

मुळात घोळ असा की मजकुरात दोन उलट आजार एकाच नावाखाली आले आहेत. एक इंजिन अडतं, दिवा लुकलुकतो, पण बाकीच्या गाड्या चालू असतात, तेव्हा त्या इंजिनापर्यंत वीज पोचत नाही. सगळ्या गाड्या एकदम थांबतात आणि बूस्टर आवाज देतो किंवा दिवा मिचकावतो, तेव्हा वीज नको तिथून भरमसाट वाहते आहे. पहिल्यात प्रवाह कमी, दुसऱ्यात जास्त. दोन्हींवर एकच औषध चालणार कसं? आधी काय थांबलं ते बघा, मग पेचकस हातात घ्या.

आता व्होल्टेज. आजचे बहुतेक अडॅप्टर एसएमपीएस, म्हणजे स्विचिंग पद्धतीचे इलेक्ट्रॉनिक असतात. त्यांच्या पाठीवर १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असतं. म्हणजे घरात २३० चे १९० झाले तरी बाहेर येणारं व्होल्टेज तेवढंच राहतं. अशा अडॅप्टरमागे स्टॅबिलायझर लावून काहीही साधत नाही. जुना लोखंडी ट्रान्सफॉर्मर असेल तर गोष्ट वेगळी. तिथे २३० चे १९० झाले की बाहेरचं व्होल्टेजही सुमारे १७ टक्क्यांनी उतरतं, १५ व्होल्टचे साडेबारा होतात आणि गाड्या मंदावतात. तरीसुद्धा बूस्टर त्याने शॉर्टसारखा ट्रिप होत नाही. वीज क्षणभर जाऊन येते तेव्हा कमांड स्टेशन (गाड्यांना आदेश देणारं यंत्र) बंद पडून पुन्हा सुरू होतं, हे खरं. पण त्याला यूपीएस लागतो, स्टॅबिलायझर गेलेली वीज आणून देत नाही.

एक सावधगिरी मात्र मजकुरात हवी होती आणि ती नाही. आपल्याकडे पुष्कळ घरांतून कोणी ना कोणी बोटीवर असतो आणि सुट्टीला येताना अमेरिकेतला सेट घेऊन येतो. त्यासोबत आलेला पुरवठा फक्त ११०-१२० व्होल्टचा असेल तर तो आपल्या २३० ला थेट लावू नका, जळेल. पिन बदलणारा प्लग व्होल्टेज बदलत नाही.

दमट हवेचा मुद्दा जास्त नीट बघायला हवा, कारण तो ऐकायला पटतो. एचओ या मापाच्या लेआउटच्या (रूळ आणि देखाव्याच्या मांडणीच्या) रुळांवर साधारण १४-१५ व्होल्ट असतात. एवढ्या व्होल्टेजला दमट हवेतून किंवा ओलसर प्लायवुडमधून अँपिअरच्या हिशेबात प्रवाह वाहत नाही, त्यामुळे पाच अँपिअरचा बूस्टर त्याने ट्रिप होणं शक्य नाही. ओल्या खडीतून झिरपणारा प्रवाह इतका बारीक असतो की तो फक्त ब्लॉक डिटेक्टरला (रुळांच्या एका भागात, म्हणजे ब्लॉकमध्ये, गाडी आहे का ते ओळखणाऱ्या यंत्राला) फसवतो. रिकामा ब्लॉक गाडी असल्यासारखा दिसू लागतो. दमटपणाचा दुसरा परिणाम सावकाश होतो: फिशप्लेटच्या (दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीच्या) आत गंज किंवा काळपट थर चढतो आणि जोड कच्चा होतो. म्हणजे वीज कमी पोचते. गाडी अडेल, बूस्टर पडणार नाही.

लाकडाचं तर उलटच आहे. पावसात फळ्या फुगतात आणि रुळांत मुद्दाम ठेवलेल्या फटी रुंदावतात. कोरड्या दिवसांत लाकूड आक्रसतं, उन्हाने रूळ किंचित लांबतात आणि त्या फटी मिटतात. दोन वेगळे भाग तिथे एकमेकांना टेकले की शॉर्ट. हा शॉर्ट जानेवारीपासून एप्रिलपर्यंत जास्त सतावतो. फटीत प्लॅस्टिकचा पातळ तुकडा चिकटवून टाका, हा प्रश्न मिटतो.

मग चवथीतच तक्रारी का वाढतात? कारण आपल्यातले बरेच जण लेआउट चवथीतच बाहेर काढतात. वर्षभर माळ्यावर पडलेले भाग देखाव्यासाठी घाईत जोडले जातात, फिशप्लेट सैल बसतात, गेल्या वर्षीची बारीक वायर कुठून कुठे गेली ते कुणाला आठवत नाही. वर माटोळी (गणपतीवर टांगलेली फळाफुलांची चौकट) असते; ती बांधताना उरलेला तारेचा तुकडा रुळांवर पडला तरी शॉर्ट होतो आणि हिरवळीच्या देखाव्यात तो डोळ्यांना दिसत नाही. पाऊस त्याच वेळी पडत असतो, एवढाच त्याचा गुन्हा.

दहा अँपिअरचा अडॅप्टर घेतल्याने पाच अँपिअरचा बूस्टर दहाचा होत नाही. बूस्टर स्वतःच्या मर्यादेपलीकडे देत नाही आणि अडॅप्टर मागितल्याशिवाय ढकलत नाही. अडॅप्टर खरोखर अपुरा असेल, म्हणजे पाचच्या बूस्टरला दोन अँपिअरचा, तर बदला. पण बदलताना आधी व्होल्ट बघा, एसी का डीसी ते बघा, मग अँपिअर. जास्त व्होल्टचा अडॅप्टर नको त्या बूस्टरला लावून डिकोडर (इंजिनातली आदेश वाचणारी चिप) जाळणं फार सोपं आहे.

बहुतेक घरांत कमी पडते ती वायर. कुळे ते कॅसलरॉकच्या घाटात चढ ३७ ला १ आहे आणि मालगाड्यांना मागून ढकलायला बँकर इंजिनं लावतात. गोव्यात घाट उभा करायची हौस सगळ्यांनाच, दूधसागराच्या पुलासकट. मॉडेलवर त्याचा अर्थ असा की आवाजवाली पाच-सहा इंजिनं, प्रत्येकी सुमारे अर्धा अँपिअर घेत, लेआउटच्या सगळ्यात लांबच्या टोकाला एकत्र जमतात. समजा तिथपर्यंत आठ मीटर वायर आहे, ०.५ चौरस मिलिमीटरची. जाऊन-येऊन सोळा मीटर, म्हणजे सुमारे ०.६ ओहम. तीन अँपिअरला जवळपास पावणेदोन व्होल्ट वाटेतच जातात. घराच्या वायरिंगची २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर मुख्य बस (लेआउटखालून सगळीकडे वीज नेणारी जाड वायर) म्हणून टाकली तर नुकसान अर्ध्या व्होल्टच्या आत येतं. त्या बसपासून दर मीटरभर अंतरावर बारीक फीडर (बसमधून रुळाला वीज देणाऱ्या छोट्या वायरी) रुळाच्या बुडाशी सोल्डर करा. फिशप्लेटवर वीज वाहायचं काम सोपवू नका, तिने रूळ सरळ धरावा एवढं पुरे.

मोजताना एक लक्षात ठेवा: डीसीसीचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलतो आणि साधा मल्टिमीटर ५० हर्ट्झसाठी बनलेला असतो. त्यावरचा आकडा खरा धरू नका. पण तोच मीटर एसीवर ठेवून बूस्टरपाशी आणि घाटाच्या माथ्यावर, गाड्या चालू असताना, वाचलेल्या आकड्यांतला फरक उपयोगी पडतो.

रूळ पुसणं चांगलंच. मात्र घासून चरे पाडू नका, चऱ्यांत मळ बसतो. आणि चाकं न पुसता नुसते रूळ पुसले तर पहिल्याच फेरीत सगळं होतं तसं.

अर्थिंगचा सल्ला पूर्ण चुकीचा आहे. डीसीसीत दोन्ही रूळ आळीपाळीने धन-ऋण होत असतात. त्यांतला एकही अर्थ नसतो. एक रूळ अर्थिंगला बांधला आणि दुसरीकडे अर्थिंग असलेला संगणक यूएसबीने सिस्टिमला जोडला, तर बूस्टरचा अर्धा भाग त्या वाटेने शॉर्ट होऊ शकतो.

राहिली ट्रिपची मर्यादा, आणि मला सगळ्यात काळजी तिचीच वाटते. समजा घाटात डबा रुळांवरून उतरला आणि चाकांनी शॉर्ट केला. वायर बारीक, जोड सैल, मिळून वाटेत तीन ओहम अडथळा. १४ व्होल्टला ४.७ अँपिअर वाहतात. पाचचा बूस्टर ट्रिपच होत नाही आणि ६५ वॉट उष्णता वायरीत, जोडांत आणि त्या चाकांत साठत राहते. आपली सोल्डरिंगची इस्त्री २५ वॉटची असते, त्यावरून अंदाज करा. मर्यादा दहावर नेली तर दीड ओहमवर १३० वॉट होतील. प्लॅस्टिकची बोगी वितळायला मग वेळ लागत नाही.

बूस्टर लगेच पडणं हीच त्याची तब्येत ठीक असल्याची खूण. ती तपासायला पाच रुपयांचं नाणं पुरतं. गाड्या उचला, नाणं दोन्ही रुळांवर आडवं ठेवा आणि बूस्टर तत्क्षणी पडतो का बघा. दर मीटरवर, प्रत्येक सायडिंगच्या टोकाला हे करा. जिथे पडत नाही तिथून नाणं लगेच काढा. तिथे फीडर कमी आहे.

नाणं न ठेवताच पडत असेल तर सगळे डबे-इंजिनं उतरवा. शॉर्ट गेला तर दोष चाकांत, बहुधा जिवंत फ्रॉगच्या (रूळ एकमेकांना छेदतात तिथला वीज असलेला धातूचा तुकडा) सांध्यावरून जाताना. नाही गेला तर लेआउटचा अर्धा भाग सोडवा, मग उरलेल्याचा अर्धा. वळून स्वतःलाच मिळणारा लूप असेल तर तिथे ऑटो-रिव्हर्सर (ध्रुव आपोआप उलटवणारं यंत्र) हवाच, नाहीतर गाडी आत शिरताच दोन ध्रुव भिडतात. स्टॅबिलायझरच्या पैशांत २.५ ची वायर आणि मोटारीचे १२ व्होल्ट २१ वॉटचे बल्ब येतील. प्रत्येक भागाच्या वायरीत एकेक बल्ब ओळीने लावला की शॉर्ट झाल्यावर तो पेटतो, प्रवाह दोन अँपिअरच्या आसपास थोपवतो, आणि कुठल्या भागात बिघाड आहे ते खोलीच्या दारातूनच दिसतं.