तेनुगुई पातेल्यात घालण्याआधी

"जपानी तेनुगुई : हजार वर्षांची कला" हा फॉरवर्ड सध्या घरोघरच्या ग्रुपांवर फिरतोय. त्याचं म्हणणं असं : हे सुती फडकं हजार वर्षं एकाच पद्धतीनं, नैसर्गिक निळीत रंगवतात, १६१५ साली ओदा नोबुनागा या जपानी सरदारानं स्वतः क्योतोत त्याचं दुकान काढून दिलं, जपाननं त्यासाठी बाहेरचा कापूस कधी घेतलाच नाही, कडा उघड्या असतात, त्या शिवून घ्या, आणि नवं तेनुगुई मीठ-व्हिनेगरच्या पाण्यात अर्धा तास उकळलं की रंग जन्मात जात नाही. मावशीनं हे वाचून गॅसवर पातेलं चढवलं, म्हणून हे लिहिणं आलं.

तर आधी ते पातेलं उतरवा. व्हिनेगरसारख्या आम्लानं रंग धरतो तो लोकर आणि रेशमावर, तोही विशिष्ट जातीचा. सुताला त्याचा काडीचा उपयोग नाही. मिठाचं काम असतं रंगाच्या हौदात : रंगवताना ते पाण्यातला रंग सुताकडे ढकलतं. रंगून, धुऊन, वाळून दुकानात आलेल्या कापडावर मीठ म्हणजे वरातीमागून घोडं. आणि उकळणं तर घातकच. सुतावर नुसता बसलेला जादा रंग थंड पाण्यात थोडा थोडा सुटतो. उकळत्या पाण्यात तो भसकन सुटतो आणि पांढऱ्या जागांवर जाऊन बसतो. गडद निळ्यावरच्या पांढऱ्या लाटा मग मळकट आकाशी होतात, त्या परत पांढऱ्या होत नाहीत. काळा रंग बऱ्याचदा गंधकी असतो. त्यात आम्ल मुरून राहिलं तर ठेवल्या ठेवल्या कापड विरतं.

करायचं एवढंच : पहिली दोन-तीन धुणी एकट्यानं, थंड पाण्यात, साबणाशिवाय, हलक्या हातानं. भिजत घालायचं नाही. लगेच पिळून, झटकून सावलीत वाळवायचं. ब्लीच आणि पांढरेपणाची चमक देणारी पावडर कायमची बाद.

कडांचंही तेच. लांबीच्या दोन्ही बाजूंना मागावरची किनार असतेच. उघडी असतात ती फक्त कापलेली दोन आखूड टोकं. तिथलं सूत निघालं तर ओढू नका, कात्रीनं कापा. काही धुण्यांनंतर बोटभरापेक्षाही कमी दशा सुटतात आणि थांबतात. शिवण नाही म्हणून पाणी नि मळ अडकत नाही, कापड चटकन वाळतं, आणि वेळ आली तर हातानं टर्रकन फाडून जखमेला पट्टी बांधता येते. पंचाच्या दशा आपण कधी शिवतो का?

आता "हजार वर्षांची पद्धत". आज बाजारात मिळणारी चांगली तेनुगुई बहुतेक चुसेन पद्धतीची असते, आणि चुसेन मेइजी काळात (१८६८–१९१२) ओसाकात आकाराला आलं. लांब ताग्याचं टोक मेजावर पसरतात, चौकटीतला साचा त्यावर टेकवतात आणि लाकडी पट्टीनं खळ ओढतात. खळ बसेल तिथं रंग शिरत नाही. साचा उचलायचा, कापड त्याच मापावर उलट घडी घालायचं, पुन्हा साचा, पुन्हा खळ. अशा कितीतरी घड्या एकावर एक चढतात. एक घडी जरा सरकली की चित्र जुळत नाही. मग प्रत्येक रंगाभोवती खळीचा बांध घालून किटलीनं रंग ओततात आणि खालून पंप तो सगळ्या थरांतून ओढून घेतो. गठ्ठा उलटून हेच परत. म्हणून तेनुगुईला सुलट-उलट नसतं. बांध फुटला तर रंग एकमेकांत घुसतात. ओढ कमी पडली तर मधले थर फिकट राहतात. हे सगळं चालतं ते मुख्यतः कृत्रिम रंगांवर. ओसाकाच्या या कामाला 'नानिवा होन्झोमे' या नावानं पारंपरिक हस्तकलेचा सरकारी दर्जा मिळाला तो २०१९ साली. नैसर्गिक निळीची तेनुगुई मिळतात, हे कबूल. पण ती हौदात बुडवून, हवेत काढून पुन्हा बुडवून रंगवतात. ते काम वेगळं, किंमतही वेगळी.

हजार वर्षांमागे अर्धं सत्य आहे. हात पुसायचं फडकं जुनंच, पण ते ताग-अंबाडीच्या जातीच्या धाग्यांचं. कापसाची गोष्ट 'रुइजू कोकुशी' या जुन्या जपानी इतिहास-संग्रहात जपलेल्या दरबारी नोंदीत आहे : ७९९ साली मिकावाच्या किनाऱ्याला होडीतून एक तरुण लागला, त्याच्याजवळ कापसाचं बी होतं, आणि पुढे भाषा शिकल्यावर त्यानं आपला देश तेन्जिकू, म्हणजे भारत, असं सांगितलं. पुढच्या वर्षी ते बी किई, आवाजी, शिकोकू आणि क्युशूकडे वाटलं. पीक टिकलं नाही. कापूस जपानात रुजला तो पंधराव्या-सोळाव्या शतकात, आणि सामान्यांच्या अंगावर आला तो एदो काळात (१६०३–१८६८).

नोबुनागाचं काय सांगावं? तो १५८२ साली होन्नोजी मंदिरात मेला. क्योतोचं एइराकुया हे दुकान आपली स्थापना १६१५ची सांगतं. घराण्याचं आडनाव नोबुनागानं दिलं अशी त्यांची परंपरा आहे, तीच फॉरवर्डवाल्यानं ताणली.

राहिला बाहेरचा कापूस. १८८३ साली ओसाका बोसेकी गिरणी १०,५०० चात्यांवर सुरू झाली आणि देशी कापूस तिच्यासारख्या गिरण्यांना पुरेना. १८९३ साली निप्पोन युसेन कंपनीनं कोबे-मुंबई बोटी सुरू केल्या, त्यात जमशेटजी टाटांचा हात होता. बोटी आपल्याकडचा कापूस न्यायच्या, वऱ्हाड-खानदेशचाही. १८९६ साली जपाननं कच्च्या कापसावरची जकातच काढून टाकली. आज तिथं कापूस पिकतो तो हौसेपुरता. तेनुगुईवरचं 'जपानी बनावट' हे विणकाम आणि रंगकामापुरतं खरं, कापसापुरतं नाही.