म्हणे, आठ जणांची सोय!

समुद्राकाठी चार दिवस कॉटेज घ्यायचं, एवढंच ठरवायचं होतं. दीड महिना झाला, ग्रुपवर नुसतं "बघू" आणि "तुम्ही ठरवा, आम्ही येतो". आणि मी ठरवलं की मग सगळ्यांना कंठ फुटतो!

त्यात त्या जाहिराती. 'आठ जणांची सोय' म्हणजे खोल्या दोन, हॉलमध्ये उलगडणारा सोफा, उरलेल्यांना जमिनीवर गाद्या. बाथरूम? एक. 'समुद्र हाकेच्या अंतरावर', पण हाक किती मोठ्यानं मारायची ते लिहीत नाहीत. आणि वाइड लेन्सच्या कृपेनं माजघरसुद्धा मैदानाएवढं दिसतं.

मी आपली भरती-ओहोटीचं वेळापत्रक उघडून बसलेय. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं, म्हणजे वेळ रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास तर पाणी जास्तच चढतं आणि जास्तच उतरतं. मुलांना पाण्यात खेळायचंय, तर तारखा बघून घेऊ म्हटलं. त्यावर काका म्हणतात, "समुद्र कुठे पळून जातोय?" पळतो हो काका, दिवसातून दोनदा पळतो!

शेवटी कंटाळून काल आगाऊ पैसे भरले. माझ्याच खात्यातून, अर्थात. परत न मिळणारे.

आज सकाळी दादाचा मेसेज : "त्यापेक्षा डोंगरात गेलो तर?"

वर अंगठ्याच्या पाच खुणा. त्यातली एक आईची.