आपले पैसे निर्वेधपणे बुडावेत यासाठी काही सूचना

आभासी चलनात कष्टाची बचत गुंतवण्याचा विचार आपण करीत असाल, तर प्रथम आपले अभिनंदन. जेथे सरकारचा जाच नाही, हिशेब तपासणाऱ्यांची कटकट नाही आणि पैसे अडकल्यास दाद मागायला एकही खिडकी नाही, अशा मोकळ्या हवेत आपण पाऊल टाकत आहात. या हवेचा पुरेपूर लाभ आपल्याला घेता यावा, म्हणून नुकत्याच घेतलेल्या स्वानुभवाच्या आधारे काही सूचना नम्रपणे करीत आहे.

आभासी नाण्यांची खरेदी-विक्री जेथे चालते ते एक्स्चेंज निवडताना ते कोणत्या देशात नोंदलेले आहे, हे विचारण्याचा असभ्यपणा करू नये. त्याच्या जाहिराती पाहाव्यात. एफटीएक्स या एक्स्चेंजचे नाव मायामीतल्या एका भव्य क्रीडागृहावर झळकत होते आणि फेब्रुवारी 2022 मध्ये त्याची जाहिरात अमेरिकेतील सुपर बोलच्या सामन्यात दाखवली गेली होती. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली, ग्राहकांचे सुमारे 8 अब्ज डॉलर जागेवर नसल्याचे आढळले, आणि मार्च 2024 मध्ये संस्थापकाला 25 वर्षांची शिक्षा झाली. दिवाळखोरीनंतर कारभार हाती घेतलेले जॉन रे हे एन्रॉन या बुडालेल्या अमेरिकी कंपनीचे अवशेष आवरलेले गृहस्थ. कंपनीवरील नियंत्रणाचा इतका संपूर्ण अभाव आपण आजवर पाहिला नव्हता, असे त्यांनी न्यायालयाला लिहून दिले. जाहिरात मात्र चांगली होती, हे मान्य करावे लागेल.

अटी व शर्ती वाचू नयेत. सेल्सियस या कंपनीत व्याजासाठी आपली नाणी ठेवणारे सुमारे सहा लाख खातेदार ती नाणी आपलीच आहेत असे समजून सुखाने झोपत होते. जून 2022 मध्ये कंपनीने पैसे काढणे बंद केले, आणि जानेवारी 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या दिवाळखोरी न्यायालयाने निर्णय दिला की, खातेदारांनी स्वीकारलेल्या अटींनुसार नाणी ठेवता क्षणी त्यांची मालकी कंपनीकडे गेली होती. अटी वाचल्या असत्या, तर इतकी झोप लागली नसती.

परतावा जितका घसघशीत, तितके प्रश्न कमी विचारावेत. टेरा या प्रकल्पाच्या स्टेबलकॉइनवर, म्हणजे भाव डॉलरइतका स्थिर राहील असे सांगितलेल्या नाण्यावर, वर्षाला जवळजवळ 20 टक्के व्याज मिळते म्हटल्यावर ते कोठून येते, हे विचारणे बरे दिसले नसते. मे 2022 मध्ये अवघ्या काही दिवसांत सुमारे 40 अब्ज डॉलर नाहीसे झाले, आणि प्रश्न आपोआप मिटला.

पासवर्ड कोणालाही सांगू नये; तो न सांगताही पैसे जाऊ शकतात.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना, ती तक्रारीविषयीची. पैसे काढण्याची विनंती ‘प्रलंबित’ या एका शब्दावर येऊन थांबली, तर घाबरू नये; माझी अजून तेथेच आहे. प्रथम ॲपमधल्या मदतकक्षाकडे वळावे. तेथे एक यंत्र आपले स्वागत करते, गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त करते, आणि आपण काहीही विचारले तरी नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची यादी पुढे सरकवते. ‘माझे पैसे कोठे आहेत’ हा प्रश्न त्या यादीत नसतो, जरी तेथे येणारा प्रत्येक जण तोच विचारत असावा. मग ओळखपत्र पुन्हा मागितले जाते, ओळखपत्र हातात धरून काढलेले छायाचित्र मागितले जाते, मूळ रक्कम कोठून आणली याचा पुरावा मागितला जातो. पैसे भरताना यांपैकी कशावाचूनही काही अडले नव्हते, ही आठवण त्या यंत्राला करून देऊ नये; ते पुन्हा दिलगिरी व्यक्त करते.

यानंतर आपल्यातला नागरिक जागा होतो आणि सरकारी दारे ठोठावू लागतो. बँकांवर देखरेख ठेवणारे कार्यालय कळवते की, ही ठेव नव्हे, सबब विषय आमच्या कक्षेत येत नाही. भांडवल बाजारावर देखरेख ठेवणारे कार्यालय कळवते की, हा शेअरसारखा रोखा नव्हे, सबब विषय आमच्याही कक्षेत येत नाही. ग्राहकांच्या तक्रारी पाहणारे कार्यालय कळवते की, आपण ग्राहक नसून गुंतवणूकदार आहात, तेव्हा कृपया भांडवल बाजाराच्या कार्यालयाशी संपर्क साधावा. पोलीस ठाण्यात कंपनीचा पत्ता विचारतात, आणि कुठल्याशा बेटाचे नाव ऐकल्यावर पेन खाली ठेवतात. सगळी माणसे सौजन्याने वागतात, हे आवर्जून नोंदवतो. माझ्याजवळ जे आहे ते काय नाही, याची इतकी तपशीलवार माहिती मला पूर्वी कधीच नव्हती.

एका कार्यालयाला मात्र कसलाही संभ्रम नव्हता. मी मागे काही नाणी विकली होती, त्या विक्रीतील नफा किती, त्यावरचा कर किती, तो कोणत्या तारखेपर्यंत भरावयाचा आणि उशीर झाल्यास व्याज किती, हे कर खात्याने मला बिनचूक कळवले. तेथे कोणीही विचारले नाही की ही ठेव आहे, रोखा आहे की आणखी काही. ज्या नफ्याला मला अजून हात लावता आलेला नाही, कारण तो त्याच गोठलेल्या खात्यात आहे, त्यातील आपला वाटा सरकारला स्पष्ट दिसत होता; माझा वाटा तेवढा कोणाला दिसत नव्हता.

आणि हे माझ्या एकट्याच्या नशिबी आले आहे, असेही नाही. टोकियोचे माउंट गॉक्स हे एक्स्चेंज फेब्रुवारी 2014 मध्ये बंद पडले आणि सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन हरवल्याचे जाहीर झाले. त्यानंतर महिनाभरातच अमेरिकेच्या कर खात्याने आभासी चलन ही करापुरती ‘मालमत्ता’ आहे असे ठरवून टाकले. तेवढ्यासाठी एक सूचनापत्र पुरेसे ठरले. तीच नाणी रोखा मानायची की जिन्नस, आणि म्हणून गुंतवणूकदाराकडे कोणत्या आयोगाने पाहायचे, हा वाद तेथे पुढे दहा वर्षांहून अधिक काळ रंगला. माउंट गॉक्सच्या खातेदारांना नाणी परत मिळू लागली ती जुलै 2024 मध्ये.

या वादातला सर्वांत मौल्यवान दागिना म्हणजे रिपल या आभासी चलनाच्या कंपनीच्या प्रकरणातील जुलै 2023 चा न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाचा निकाल. एकच टोकन (म्हणजे नाणे), ते कंपनीने मोठ्या संस्थांना थेट विकले तेव्हा रोख्याचा व्यवहार झाला, पण एक्स्चेंजवर सर्वसामान्यांच्या हाती गेले तेव्हा झाला नाही. कारण असे की, आपला पैसा रिपलकडे जात आहे हे संस्थांना ठाऊक होते, आणि एक्स्चेंजवर खरेदी करणाऱ्याला आपण कोणाकडून घेत आहोत हेच ठाऊक नव्हते. कायद्याच्या दृष्टीने हा तर्क चोख असेलही. परंतु त्याचा अर्थ असा होतो की, ज्यांच्या दिमतीला वकिलांचा ताफा आहे त्यांना रोख्यांच्या कायद्याचे कवच, आणि ज्याला काहीच माहीत नाही त्याला ते नाही, कारण त्याला काहीच माहीत नाही. संरक्षण नेमके कोणासाठी असते, हो?

पुरे झाले. संरक्षण कसे द्यायचे हे कोणाला ठाऊकच नाही, अशी स्थिती असती तर हे सगळे हसण्यावारी नेता आले असते. जपानने 2017 मध्ये एक्स्चेंजना नोंदणी सक्तीची केली, 2018 मध्ये कॉइनचेक या तेथील एक्स्चेंजवर मोठी चोरी झाल्यानंतर नियम आणखी आवळले, ग्राहकांची मालमत्ता कंपनीच्या मालमत्तेपासून वेगळी ठेवायला लावली आणि तिचा बहुतांश भाग इंटरनेटला न जोडलेल्या वॉलेटमध्ये ठेवणे बंधनकारक केले. एफटीएक्स बुडाले तेव्हा तिच्या जपानी शाखेचे ग्राहक फेब्रुवारी 2023 पासून आपले पैसे काढू लागले. बाकीचे दिवाळखोरीच्या रांगेत उभे होते, आणि त्यांची देणी ठरली ती नोव्हेंबर 2022 च्या पडलेल्या भावाने. ब्रिटनने ऑक्टोबर 2023 पासून ‘मित्राला आणा, बक्षीस मिळवा’ हा प्रकार बंद केला आणि नवख्या माणसाला पहिल्या खरेदीआधी 24 तास विचार करायला लावले. युरोपीय संघाचा ‘मायका’ कायदा 30 डिसेंबर 2024 पासून पूर्णपणे लागू झाला असून, ग्राहकाची नाणी सांभाळणाऱ्या कंपनीच्या चुकीने ती गेली तर भरपाईची जबाबदारी त्याने त्या कंपनीवर टाकली आहे. हे तिन्ही उपाय परिपूर्ण नाहीत, पण ते कागदावर तयार आहेत आणि त्यांची नक्कल करण्याला कोणाचीही बंदी नाही.

तरीही दोन युक्तिवाद अजून तोंडावर फेकले जातात. एक, नियमांमुळे नवकल्पना मरतात. ग्राहकाचे पैसे वेगळे ठेवल्याने जी कल्पना मरते, ती ग्राहकाचेच पैसे वापरण्याची असली पाहिजे. तिला खुशाल मरू द्या. दुसरा, देखरेख ठेवली तर सरकारने या प्रकाराला मान्यता दिल्यासारखे होईल. वजनकाट्यावर सरकारी शिक्का असतो म्हणून मालही सरकारने उत्तम ठरवला, असे कोणी समजत नाही. आणि कर गोळा करताना मान्यता दिल्यासारखे होत नाही काय?

‘तुम्हाला कोणी सांगितले होते गुंतवायला’ असे विचारणाऱ्यांनाही ऐकवून ठेवतो. भाव पडून माझे जे गेले, त्यासाठी मी कोणाच्याही दारात गेलो नाही आणि जाणार नाही. ज्या दिवशी नाणी विकून पैसे मागितले, त्या दिवशी ते मिळाले पाहिजेत, एवढेच मागत आहे. ते न देणाऱ्याला जाब विचारण्यासाठी एक कार्यालय नेमा, त्याच्या दारावर पाटी लावा, आणि कक्षा कोणाची यावरचे भांडण तुम्ही आपसात, आमच्या अर्जांवर शेरे न मारता, करा. तो कारभार चालवायला लागणारा पैसा आमच्याकडून तुम्ही आधीच घेतलेला आहे.