‘मराठवाड्यात भिंतींना पावसाचा कसला धोका?’ : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

‘घर बांधताय? गुत्तेदार सांगणार नाही अशा सहा गोष्टी’ या मथळ्याचा संदेश गेल्या दोन महिन्यांत मला चार वेगवेगळ्या समूहांतून आला आणि चारही वेळा मी तो पूर्ण न वाचता पुसून टाकला. पाचव्यांदा तो मला अहमदपूरला, माझ्या भाच्याच्या अर्धवट बांधकामावर भेटला. गवंड्यांनाही वाचता यावा म्हणून त्याने तो छापून जिन्याशेजारच्या भिंतीला चिकटवला होता. लातूर आणि आसपासच्या तालुक्यांत घरांच्या बांधकामावर देखरेख करण्यात ज्याची बावीस वर्षे गेली, तो मामा एका फोनच्या अंतरावर असताना भाच्याने कोणा अनामिकाच्या संदेशावर विश्वास ठेवावा, याचा राग मला आला हे कबूल करतो. पुढच्या मजकुरात तो कुठे डोकावला तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे आहे. एक, मराठवाडा कोरडा प्रदेश असून आपल्या पूर्वजांनी कधी वॉटरप्रूफिंग केले नाही, त्यामुळे भिंतींना पाण्यापासून जपण्याचा खर्च म्हणजे गुत्तेदाराची कमाई. दोन, खिडकीवरचा छज्जा ही जुनी पद्धत, तो वगळावा. तीन, गिलाव्यात सिमेंट जितके जास्त तितकी भिंत अभेद्य. चार, हल्लीच्या सिमेंटला तीन दिवस पाणी मारले की पुरे. पाच, सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीत जी छिद्रे असतात ती सिलिकॉनने बुजवावीत, म्हणजे धूळ, मुंग्या आणि पाणी तिन्ही बंद. सहा, एवढे करूनही ओल आलीच तर आतून वॉटरप्रूफ पुट्टी लावावी.

क्रमाने जाण्याइतका संयम माझ्याजवळ नाही. पाचव्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण भाच्याने त्याची अंमलबजावणी आधीच उरकली होती.

दोन किंवा तीन रुळांच्या ॲल्युमिनियम खिडकीचे पल्ले सरकते असल्यामुळे ते चौकटीला कधीच घट्ट चिकटून राहू शकत नाहीत. मधल्या फटीत केसाळ ब्रशची पट्टी असते. ती धूळ बऱ्यापैकी अडवते, पाणी अडवत नाही. जोराच्या पावसात थोडे पाणी खालच्या रुळांत उतरणार, हे खिडकी बनवणाऱ्याने पहिल्यापासून गृहीत धरलेले असते आणि म्हणूनच रुळाची आतली कड उंच ठेवलेली असते व बाहेरच्या बाजूला ती छिद्रे पाडलेली असतात. ताशी ४५ ते ५० किलोमीटर वेगाचा वारा भिंतीवर जो दाब टाकतो, तो साधारण एक सेंटिमीटर उंचीच्या पाण्याइतका असतो. घराच्या आत तेवढा दाब नसल्यामुळे वाऱ्याचा झोत असेपर्यंत रुळातले पाणी बाहेर पडत नाही, उलट आतल्या कडेच्या अंगाला तेवढे चढून थांबते, आणि झोत ओसरला की छिद्रांतून निमूटपणे बाहेर उतरते. मृगाआधीच्या वळवात असे झोत आपल्याकडे नवीन नाहीत.

आता ही छिद्रे बुजवली म्हणजे काय होते? पाणी यायची वाट तशीच राहते, जायची तेवढी बंद होते, आणि रुळाची गुरांना पाणी पाजायची डोण होते. ती भरली की पाणी आतल्या कडेवरून खोलीत सांडते, शिवाय चौकट बसवताना रुळातून मारलेल्या स्क्रूच्या भोकांतून ते सरळ भिंतीत मुरते. चार महिन्यांनी खिडकीखालचा रंग फुगतो, घरमालक म्हणतो ‘भिंत गळते’, रंगारी येतो, पैसे घेतो आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा येतो. मी पाहिलेल्या ‘गळक्या’ भिंतींपैकी कितीतरी भिंती निर्दोष होत्या; दोष त्यांच्या डोक्यावरच्या खिडकीचा होता. छिद्रांतून धूळ येते हे खरे आहे, मुंग्याही येतात, पण त्यासाठी बाहेरच्या अंगाने बसणाऱ्या, फक्त बाहेर उघडणाऱ्या प्लास्टिकच्या छोट्या झडपा मिळतात, आणि त्या न मिळाल्यास मे महिन्याच्या शेवटी एकदा तार घालून छिद्रे साफ करणे कोणालाही जमते. तसे पाहिले तर संदेश यायच्या आधीच निम्म्या घरांत ही छिद्रे गिलाव्याच्या मालाने बुजलेली असतात, कारण चौकट आधी बसते, गिलावा नंतर होतो आणि रूळ झाकून ठेवण्याची तसदी कोणी घेत नाही.

सिलिकॉन वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. त्याची जागा चौकट आणि भिंत यांच्या बाहेरच्या सांध्यात, विशेषतः वर आणि दोन्ही बाजूंना आहे, आणि तीही धूळ पुसून कोरड्या केलेल्या पृष्ठभागावर. नळी उघडल्यावर ज्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो ते सिलिकॉन काचेसाठी ठीक असते; सिमेंटवर ते नीट धरत नाही, तिथे न्यूट्रल प्रकारचे मागावे लागते. आपल्याकडे खिडकीला कडप्पा किंवा ग्रॅनाइटची दगडी चौकट करण्याची पद्धत आहे, तिच्यात तर दगड आणि गिलावा यांच्यामधली रेघ हीच पाण्याची पहिली वाट असते. खालचा दगड बाहेरच्या बाजूला थोडा उतरता, भिंतीच्या पुढे इंचभर काढलेला आणि पोटाला खाच पाडलेला असावा, म्हणजे पाणी दगडाच्या पोटाखालून भिंतीकडे न वळता खाचेपाशी ठिबकते. हे दगड बसवतानाच करायचे काम आहे आणि त्याला वेगळा खर्च जवळजवळ नाही. भाच्याकडचे सगळे दगड पाणसळ लावून अगदी सपाट बसवलेले आहेत; गवंड्याला त्याचा अभिमानही आहे.

चौथा मुद्दा, म्हणजे तीन दिवस पाणी मारण्याचा, हास्यास्पद नाही, घातक आहे. ‘हल्लीचे सिमेंट’ म्हणजे आपल्या दुकानांत बहुतेक करून मिळणारे पीपीसी, ज्यात औष्णिक वीज केंद्रांतली राख मिसळलेली असते. परळी वैजनाथचे केंद्र जवळ असल्यामुळे राख आणि राखेच्या विटा हा प्रकार मराठवाड्याला अपरिचित नाही. ही राख सिमेंटपेक्षा सावकाश काम करते. तिची प्रक्रिया सुरू राहण्यासाठी ओलावा जास्त दिवस लागतो, कमी नव्हे. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस ४५६ या २००० सालच्या संहितेत काँक्रीटसाठी हे स्पष्ट लिहिलेले आहे : साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, राखमिश्रित सिमेंटला किमान १० दिवस, कोरड्या व उष्ण हवेत १० दिवसांपेक्षा कमी नाहीच, आणि मिश्रित सिमेंट वापरले असल्यास ही मुदत १४ दिवसांपर्यंत वाढवावी अशी शिफारस. ही संहिता काँक्रीटची आहे, गिलाव्याची नाही, असा आक्षेप कोणी घेईल. पण छज्जा आणि लिंटेल (दार-खिडकीवरची आडवी तुळई) काँक्रीटचेच असतात, आणि पाऊण इंचाचा गिलावा तर काँक्रीटच्या कितीतरी आधी वाळतो. एप्रिल-मेमध्ये बेचाळीस अंशांच्या उन्हात पश्चिमेच्या भिंतीवर केलेला गिलावा तिसऱ्या दिवशी कोरडा सोडला की त्यावर केसासारख्या रेघांचे जाळे पडते, नखाने ओरखडले तर वाळू सुटते, आणि अशा भिंतीत पाणी शोषले जाते ते टीपकागदासारखे.

इथे मला संदेश लिहिणाऱ्याबद्दल थोडी सहानुभूतीही वाटते. ज्या लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, तिथल्या माणसाला चौदा दिवस भिंतीवर पाणी मारा असे सांगणे अवघड आहे. टँकर विकत घेऊन घर बांधणारा माणूस ‘तीन दिवस पुरे’ हे वाक्य आनंदाने स्वीकारणारच. पण पाण्याची बचत दिवस कमी करून नव्हे, पाणी टिकवून करावी. गोणपाट ओले करून भिंतीवर सोडावे, छज्ज्यावर मातीचे आळे करून पाणी साठवावे, बाहेरचा गिलावा शक्यतो दिवाळीनंतरच्या थंडीत उरकावा, आणि उन्हाळ्यातच करणे भाग असेल तर ज्या भिंतीवर सावली आहे तिचे काम आधी घ्यावे. नळीने दिवसातून एकदा धो-धो पाणी मारणे म्हणजे पाण्याची नासाडी. त्यातले बहुतेक जोत्याशी वाहून जाते. बोअरचे पाणी खारे असेल तर भिंतीला लोणा लागून पोपडे सुटतात, त्यामुळे टँकर असो की बोअर, पाणी चाखून बघण्याची जुन्या गवंड्यांची सवय वेडगळ नव्हती.

तिसरा मुद्दा वरवर पटण्यासारखा आहे, म्हणून तो जास्त फिरतो. जास्त सिमेंटचा माल स्वतः कमी पाणी शोषतो हे खरे, पण तो वाळताना आकसतोही जास्त आणि तडकतो, आणि पाऊस गिलाव्यातून झिरपून येण्यापेक्षा तड्यातून कितीतरी सहज येतो. बाहेरून १:३ चा (एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू) जाड थर एकदाच मारण्यापेक्षा १:४ ते १:५ च्या मालाचे दोन हात, पहिला खरबरीत ठेवून, जास्त टिकतात. वीटकाम आणि काँक्रीटचा कॉलम जिथे भेटतात तिथे गिलाव्याआधी चिकन जाळी ठोकावी, कारण दोन्ही वस्तू उन्हाने सारख्या फुगत नाहीत आणि त्या सांध्यावर उभी रेघ येते. राहता राहिली खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चढणारी भेग. आपल्या काळ्या जमिनीत ती बरेचदा पायातून येते : पावसात माती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि घर थोडेसे हलते. त्यावर कोणत्याही प्रमाणाचा गिलावा उपाय नाही. घराभोवती तीन-चार फूट रुंद, बाहेर उतार असलेली फरशी किंवा कोबा करून जोत्याजवळ पाणी मुरू न देणे, हाच त्यातल्या त्यात साधा इलाज, आणि तोही पाया काळ्या मातीखालच्या मुरमापर्यंत नेलेला असेल तर.

छज्ज्याबद्दल फार लिहीत नाही. दीड-दोन फुटांचा छज्जा, बाहेर उतरता आणि खालच्या कडेला खाच असलेला, खिडकीवर येणारे निम्म्याहून जास्त पाणी आणि मे महिन्यातले दुपारचे ऊन दोन्ही अडवतो. ‘जुनी पद्धत’ म्हणून तो काढून टाकायचा आणि मग आत पडदे, बाहेर ताडपत्री लावायची, ही आधुनिकता माझ्या समजुतीपलीकडची आहे.

आता पहिला मुद्दा. पोत्यागणिक रसायनाची बाटली ओतून ‘वॉटरप्रूफिंग केले’ असे सांगणारे गुत्तेदार आहेत, आणि भेगा, सांधे, उतार यांच्याकडे न बघता नुसत्या त्या बाटलीवर केलेला खर्च वाया जातो, एवढे त्या संदेशातले मी नाइलाजाने मान्य करतो. पण पाऊस कमी म्हणून भिंतीला धोका नाही हा निष्कर्ष चुकीचा आहे. मराठवाड्याचा वर्षाचा पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास असतो खरा, मात्र भिंत वर्षाची सरासरी मोजत नाही. तिला एका रात्रीचा तिरका पाऊस पुरतो. एखाद्या महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की शासन त्याला अतिवृष्टी म्हणते, आणि सप्टेंबर २०२१ व सप्टेंबर २०२५ मध्ये या भागाने काय पाहिले ते इतक्यात विसरण्यासारखे नाही. शिवाय मृगाचा पाऊस जिकडून येतो तिकडूनच परतीचाही येईल असे नसते, त्यामुळे ‘आमची खिडकी पावसाच्या बाजूला नाही’ हेही खरे मानू नये.

पूर्वजांनी काही केले नाही, हे तर धादांत खोटे आहे. माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, दर वर्षी मृगाआधी पांढरीची माती टाकून ती चोपणे, पन्हाळी मोकळ्या करणे, पावसाच्या अंगाच्या भिंतीला पोतारा (मातीचा लेप) देणे, हे सगळे पाण्यासाठीच चालत असे. त्याची दुसरी बाजूही आपण भोगली आहे. वर्षानुवर्षे टाकलेल्या मातीने माळवदे दीड-दोन फूट जाड आणि प्रचंड जड झाली होती, आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंतींसह ती झोपलेल्या माणसांवर कोसळली. पूर्वजांचा दाखला देणाऱ्याने निदान त्यांचे श्रम आणि त्यांनी मोजलेली किंमत माहीत करून घ्यावी.

सहाव्या मुद्द्याला दोन वाक्ये पुरेत. पाणी बाहेरून येत असताना आतून पुट्टी लावणे म्हणजे ते भिंतीतच कोंडून ठेवणे. वर्षभरात ती पुट्टी फुग्यासारखी सुटते आणि मागे ओली भिंत तशीच असते.

भाच्याला मी भाषण दिले नाही. ब्लेड आणि तांब्या दिला. सिलिकॉन खरवडून काढायचे, प्रत्येक रुळात तांब्याभर पाणी ओतायचे आणि बाहेर उभे राहून ते कुठून येते ते बघायचे. बारा खिडक्यांपैकी नऊ खिडक्यांतून पाणी नीट बाहेर आले. उरलेल्या तीन खिडक्यांतले पाणी खोलीत आले, कारण बसवणाऱ्याने त्यांच्या चौकटीच उलट्या, छिद्रे आत करून बसवलेल्या होत्या, आणि सिलिकॉनखाली ते कोणाच्या लक्षात आले नव्हते. गिलावा व्हायचा असल्यामुळे त्या अजून काढता येतील. बसवणाऱ्याला सोमवारी बोलावले आहे.