सोंग कधी उतरवायचं? कोल्बेअरवरच्या प्रतिक्रियेला माझं उत्तर

नमस्कार,

अमेरिकन टीव्हीवरचा उपहासकार स्टीफन कोल्बेअर याच्यावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला, म्हणून चार दिवस काही लिहिलं नाही. तुमचं म्हणणं असं की सप्टेंबर २०१५ मध्ये तो डेव्हिड लेटरमनच्या जागी सीबीएस वाहिनीवरच्या 'द लेट शो' या रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमात बसला त्याच रात्री त्याच्यातला उपहासकार संपला. उरला तो छान सूट घातलेला सूत्रसंचालक, रोज रात्री आपल्याच बाजूच्या लोकांकडून टाळ्या घेणारा. आणि मी ही पडझड बहर म्हणून रंगवली.

आधी माझी चूक कबूल करतो. 'पहिल्या दिवसापासून त्याला सूर सापडला' असं मी लिहिलं होतं, ते खोटं आहे. ८ सप्टेंबर २०१५ च्या पहिल्या भागानंतर कित्येक महिने तो चाचपडत होता. एनबीसी वाहिनीवरचा त्याचा प्रतिस्पर्धी जिमी फॅलन प्रेक्षकसंख्येत त्याच्या बराच पुढे होता. लेखनापासून व्यवस्थेपर्यंत सगळं कोल्बेअर स्वतः बघायचा. शेवटी एप्रिल २०१६ मध्ये सीबीएसने क्रिस लिक्टला आणून कारभार त्याच्याकडे दिला आणि कोल्बेअरला बोलण्यापुरतं मोकळं केलं. जुलै २०१६ मध्ये तर त्याने 'द कोल्बेअर रिपोर' या आधीच्या कार्यक्रमातलं, स्वतःच्याच नावाचं ते जुनं पात्रच पुन्हा मंचावर आणलं. लगेच दुसऱ्या कंपनीच्या वकिलांचा निरोप आला की ते पात्र आमच्या मालकीचं आहे. माणसाचं नाव स्वतःचं, चेहरा स्वतःचा, पण त्या नावाचं पात्र दुसऱ्याच्या मालकीचं! मग त्याने त्या पात्राचा हुबेहूब दिसणारा चुलतभाऊ आणला. तुमच्या बाजूने बोलायचं तर त्यालाही मागे जावंसं वाटत होतं, एवढं यावरून नक्की म्हणता येईल.

आता मुख्य मुद्दा. 'द कोल्बेअर रिपोर' १७ ऑक्टोबर २००५ ला सुरू झाला आणि १८ डिसेंबर २०१४ ला संपला. एवढी नऊ वर्षं हा माणूस एका सर्वज्ञ, आक्रस्ताळ्या, उजव्या निवेदकाचं सोंग वठवत होता. ते सोंग किती धारदार होतं यावर तुमचं-माझं भांडणच नाही. २९ एप्रिल २००६ ला व्हाइट हाऊसच्या वार्ताहरांच्या मेजवानीत राष्ट्राध्यक्ष बुश काही हातांवर बसलेले असताना त्याने त्यांची स्तुती केली, आणि ती स्तुती ऐकताना सभागृहातल्या बऱ्याच जणांना हसावं की नाही कळेना. २०११ मध्ये त्याने चक्क स्वतःची सुपर पॅक, म्हणजे निवडणुकीसाठी अमर्याद पैसा जमवू शकणारी समिती, काढली. निवडणूक आयोगाचे माजी अध्यक्ष ट्रेव्हर पॉटर यांना वकील म्हणून शेजारी बसवलं, आयोगाची परवानगी मिळवली, दहा लाख डॉलरच्या वर निधी जमवला आणि अमेरिकन निवडणुकीत पैसा कायद्याच्या चौकटीत राहून कसा लपवता येतो ते प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत करून दाखवलं. अग्रलेखांनी वर्षानुवर्षं जे समजावून सांगितलं नसतं ते त्या सोंगाने काही महिन्यांत सांगितलं. इथपर्यंत तुमच्या शब्दाला माझा शब्द जोडतो.

पण २००९ चा ओहायो स्टेट विद्यापीठाचा एक अभ्यास आहे, तो वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही. डाव्या आणि उजव्या विचारांच्या प्रेक्षकांना कोल्बेअर सारखाच विनोदी वाटत होता. फरक असा की उजव्या प्रेक्षकांना वाटायचं, हा विनोदाचं फक्त निमित्त करतो, जे बोलतो ते त्याला मनापासून पटतं. म्हणजे ज्यांच्यावर बाण सोडायचा त्यांना तो आपल्याच भात्यातला वाटत होता.

आपल्याकडे बहुरूपी हवालदार होऊन दारात यायचा, दम द्यायचा, पोरं घाबरायची. मग तो हसून बक्षिसी मागायचा आणि त्या क्षणी लहान पोरालाही कळायचं की हे सोंग होतं. कोल्बेअरने तो क्षण नऊ वर्षं लांबणीवर टाकला. कार्यक्रमाची बांधणीच तशी होती. 'लेट शो'ने त्याला तो क्षण दिला, आणि मी त्याला बहर म्हणतो ते यासाठी.

१० सप्टेंबर २०१५ चा भाग तुम्ही बघितलाय का? नव्या कार्यक्रमाची ती तिसरीच रात्र. पाहुणे होते उपराष्ट्राध्यक्ष जो बायडन. त्यांचा मुलगा बो मेच्या अखेरीस कर्करोगाने गेला होता आणि ते अध्यक्षपदाला उभे राहणार का, हा देशभर चाललेला प्रश्न होता. कोल्बेअर अकरा भावंडांतला सगळ्यात धाकटा. तो दहा वर्षांचा असताना, ११ सप्टेंबर १९७४ ला, त्याचे वडील आणि दोन भाऊ विमान अपघातात गेले. घरात मागे राहिलेल्या आईबरोबर तो वाढला. त्या रात्री ही दोन माणसं समोरासमोर बसून दुःखाबद्दल, श्रद्धेबद्दल, आपापल्या आईबद्दल बोलली. लोकांच्या डोळ्यांत बघून मी पूर्ण मनाने तुमचाच आहे असं सांगता येत नसेल तर उभं राहू नये आणि आपल्याला ते आज सांगता येत नाही, अशा अर्थाचं बायडन बोलले. पुढच्या महिन्यात त्यांनी उभं राहणार नसल्याचं जाहीर केलं. ही मुलाखत त्या जुन्या पात्राला घेता आली असती का? त्या पात्राला मेलेला बाप नव्हता, भाऊ नव्हते. ते कोल्बेअरचे होते आणि नऊ वर्षं बहुतेक पडद्याआडच होते.

शिवाय सोंगालाही आपला काळ असतो. जून २०१५ मध्ये ट्रम्प उमेदवार झाले. ते पात्र जे अतिशयोक्तीने बोलायचं ते आता एक खरा उमेदवार भरसभेत बोलू लागला होता. त्यावर आणखी मोठी अतिशयोक्ती कुठून आणायची?

राजकीय बाजू घेऊन कोल्बेअरने 'अर्धा देश गमावला' हा तुमचा आरोप. एनबीसीच्या 'टुनाइट शो'चा जुना सूत्रसंचालक जॉनी कार्सनने तीस वर्षं सगळ्यांना सांभाळलं हे खरं, पण तेव्हा रात्री बघायला मोजून तीन मोठ्या वाहिन्या होत्या. आणि १० एप्रिल २०१४ ला कोल्बेअरचं नाव जाहीर झालं, त्याच दिवशी उजव्या विचारांच्या रश लिंबॉने रेडिओवर सांगून टाकलं की सीबीएसने अमेरिकेच्या अंतर्भागाविरुद्ध युद्ध पुकारलंय. एक मिनिटही प्रक्षेपण झालेलं नव्हतं. २०१६-१७ च्या हंगामात एकूण प्रेक्षकांत तो पहिला आला तो ट्रम्पविरोधी प्रेक्षकांच्या जोरावर, हे मात्र मला मान्य आहे. मे २०१७ मधला ट्रम्प आणि पुतिन यांच्यावरचा त्याचा तो विनोद गलिच्छ होता. त्याचं समर्थन मी करणार नाही.

कार्यक्रम बंद होण्याबद्दल तुम्ही लिहिता, 'तोट्यात होता, संपवला, यात हुतात्मा कसला?' सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, हे मलाही मान्य. वर्षाला चार कोटी डॉलरच्या तोट्याचा आकडा बातम्यांत आला, तो मी लेखात दिला होता. पण तारखा सोडून कसं चालेल? ट्रम्प यांनी सीबीएसवर लावलेल्या दाव्यात तिची मालक कंपनी पॅरामाउंटने १ कोटी ६० लाख डॉलर देऊन तडजोड केली. १४ जुलै २०२५ ला कोल्बेअरने तिला प्रक्षेपणात लाच म्हटलं. १७ तारखेला मे २०२६ मध्ये कार्यक्रम संपणार असं जाहीर झालं. २४ तारखेला कंपनीच्या विलीनीकरणाला सरकारी मंजुरी मिळाली. कारण निव्वळ आर्थिक असेलही. मला संशय येतो आणि तो मी लपवणार नाही.

शेवटी तुम्ही विचारलंय की जुन्या कार्यक्रमातले विनोद आजही पाठ आहेत, नव्यातला एक तरी सांगा. मार्च २०२० मध्ये न्यूयॉर्कचं ते नाट्यगृह बंद झालं तेव्हा कोल्बेअरने घरच्या बाथटबमध्ये, सूट घालून, फेसात बसून कार्यक्रम केला. पुढे कितीतरी महिने तो घरातून बोलत होता. समोर प्रेक्षक म्हणून बायको, एव्ही. आम्ही पुण्यात दारं लावून बसलो होतो, खाली सोसायटीचं फाटक बंद, आणि मी रोज जेवताना ते भाग बघायचो. त्यातला एकही विनोद मला सांगता येणार नाही. कॅमेऱ्यामागून येणारं एव्हीचं हसू मात्र अजून कानात आहे.